बिझनेस इंटेलिजन्स म्हणजे काय रे भाऊ?

माझ्या नोकरीचं वर्णन आमच्या घरात तीन प्रकारे केलं जातं. आई सांगते, "ती चाकणला कंपनीत आहे." एवढं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही, कारण आमचं निम्मं खानदान कुठल्या ना कुठल्या कंपनीत आहे. सासूबाई सांगतात, "कॉम्प्युटरवर हिशोब बघते." आणि लेकाने शाळेत सांगितलं की माझी आई रंगीत गोल काढते. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. पाय चार्टला 'रंगीत गोल' याहून चांगलं मराठी नाव मला तरी सुचलेलं नाही.

पण माझ्या पदाच्या नावात 'बिझनेस इंटेलिजन्स' असे दोन भारदस्त शब्द आहेत आणि दर लग्नात, दर बारशाला कोणीतरी त्यांचा अर्थ विचारतंच. "म्हणजे धंद्यात जी हुशारी लागते ती का गं?" असं एका काकांनी विचारलं होतं. "ती असती तर नोकरी कशाला केली असती," असं मी म्हटलं आणि विषय श्रीखंडावर गेला. तर मंडळी, आजचं लिखाण त्या सगळ्या काका-मामा-आत्यांसाठी. ब्लॉगवाल्या दोस्तांना मधला इतिहास कंटाळवाणा वाटला तर त्यांनी तो गाळून सरळ दादाच्या गोष्टीवर जावं. माझी हरकत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे यातलं 'इंटेलिजन्स' बुद्धीतलं नाही, बातमीतलं आहे. इंटेलिजन्स ब्युरोमधलं. बहिर्जी नाईक जे काम करायचे, त्यातलं. इंग्रजीत हा शब्दप्रयोग १८६५ सालच्या एका पुस्तकात सापडतो. रिचर्ड मिलर डेव्हन्स नावाच्या गृहस्थांनी व्यापाऱ्यांचे किस्से गोळा केले होते. त्यात सर हेन्री फर्नीज नावाच्या एका बँकरबद्दल ते सांगतात, की हॉलंड, फ्रान्स, जर्मनीकडच्या लढायांच्या बातम्या याला इतरांच्या आधी कळायच्या आणि त्यावर हा पैसे कमवायचा. आता मला सांगा, चाकणच्या बाजारातला कांद्याचा व्यापारी याहून वेगळं काय करतो? आज आवक किती आहे, नाशिककडे भाव काय निघाला, निर्यातीचं काय चाललंय, हे सगळं त्याला लिलावाला उभं राहायच्या आधी माहीत असतं. त्याच्याकडे डॅशबोर्ड नाही, फोन आहे. एवढाच फरक.

म्हणून 'व्यावसायिक बुद्धिमत्ता' हे भाषांतर मला पटत नाही. सरळ 'धंद्याची खबर' म्हणावं.

पुढे १९५८ मध्ये आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी याच नावाच्या यंत्रणेवर एक निबंध लिहिला. (इंटरनेटवर क्रेडिट कार्डाचा एक आकडा चुकला की वेबसाइट लगेच ओरडते ना? ती युक्तीही याच लून यांची.) त्यांच्या डोक्यात आकडे नव्हतेच, कागद होते. संस्थेत येणारे अहवाल यंत्राने वाचावेत, त्यांचा गोषवारा काढावा आणि ज्या माणसाला त्याचा उपयोग आहे त्याच्या टेबलावर आपोआप पोचवावा. मला यातला शेवटचा भाग फार आवडतो. साठवणं सोपं आहे हो. कोणाला काय कळायला हवं, हे ठरवणं अवघड.

नंतर १९८९ च्या सुमारास हॉवर्ड ड्रेस्नर यांनी हे नाव रूढ केलं, कंपन्या निघाल्या, मोठ्या माशांनी लहान मासे गिळले (बिझनेस ऑब्जेक्ट्सला सॅपने आणि कॉग्नोसला आयबीएमने, दोन्ही सौदे २००७ सालचे), आणि २०१५ पासून मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय आलं. त्यानंतर ज्याला एक्सेल येतं तो प्रत्येक जण रंगीत गोल काढायला लागला. असो.

प्रत्यक्षात हे चालतं कसं? ज्यांनी दुकान चालवलंय त्यांना दोन मिनिटांत कळेल. दुकानात एक रोजकीर्द असते. जे घडेल ते घडेल त्या क्रमाने लिहायचं. साखर आली, शेंगदाणे गेले, देशपांडे वहिनींची उधारी. आणि एक खतावणी असते. त्याच नोंदी, पण खातेवार. देशपांडे वहिनींचं पान उघडलं की वर्षभराची उधारी एका जागी. कारखान्यातली सॅपसारखी सिस्टीम ही रोजकीर्द. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक बिल, घडेल तसं. रात्री सगळे झोपलेले असताना (निदान घरी गेलेले असताना, कारण चाकणला तिसरी पाळी झोपत नाही) आमचे प्रोग्रॅम त्या नोंदी उचलतात, धुतात, एकाच भागाला तीन नावं असतील तर एक करतात आणि खतावणीत मांडतात. त्या खतावणीला आम्ही ऐटीत 'डेटा वेअरहाउस' म्हणतो. सकाळी साहेब जे बघतात तो तिचा गोषवारा. झालं. इतकंच आहे.

मग यासाठी एवढे लोक, एवढे पैसे आणि एवढ्या मीटिंगा का लागतात? कारण खतावणी मांडताना दर वेळी एक प्रश्न आडवा येतो. या शब्दाचा अर्थ काय धरायचा?

'गाडी विकली' हेच घ्या. आपल्या पट्ट्यात तर यावरच चुली पेटतात. साठच्या दशकात पिंपरीला टेल्को आली, आकुर्डीला बजाज. पुढे चाकणला १९९९ मध्ये बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, पाठोपाठ महिंद्रा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पेपरात येतं की अमक्या कंपनीने इतक्या हजार गाड्या विकल्या. वाचणाऱ्याला वाटतं, इतक्या गाड्यांना हार घातले गेले, पेढे वाटले गेले. तसं नसतं. सियाम, म्हणजे वाहन उत्पादकांची संघटना, जे विक्रीचे आकडे देते ते बहुतांशी कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांचे असतात. फाडा ही डीलरांची संघटना. ती सरकारच्या 'वाहन' प्रणालीतल्या नोंदणीवरून आकडे देते, म्हणजे खरोखर कोणाच्या तरी दारात पोचलेल्या गाड्या. एकाच महिन्याचे हे दोन आकडे कधीच जुळत नाहीत, आणि दोन्ही खरे असतात.

हा फरक फक्त आमच्यासारख्या आकडेबहाद्दरांच्या गप्पांचा विषय वाटत असेल तर २०१७ चा मार्च आठवा. २९ मार्चला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत. त्या वेळी देशभरात कंपन्या आणि डीलर यांच्याकडे मिळून अशा सव्वाआठ लाखांच्या आसपास गाड्या पडून होत्या, त्यातल्या पावणेसात लाखांच्या जवळपास दुचाकी. शेवटच्या दोन दिवसांत शोरूमसमोर कशा झुंबडी उडाल्या आणि दुचाक्यांवर कशी हजारोंची सूट मिळाली ते आपण पाहिलंय. आमच्या शेजाऱ्यांनी तर गरज नसताना एक स्कूटर घेतली होती! मुद्दा असा, की त्यातल्या डीलरच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्या कंपनीच्या महिन्याच्या आकड्यात आधीच 'विकल्या' गेलेल्या होत्या.

आता जरा शॉपफ्लोअरवर या. इथला लाडका आकडा म्हणजे ओईई. मशीन किती वेळ चालू राहिली, ठरलेल्या वेगाच्या किती टक्के चालली आणि निघालेला माल किती चांगला, या तिघांचा गुणाकार. ९० टक्के, ९५ टक्के आणि ९९ टक्के. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पेढे वाटण्यासारखा, पण गुणाकार येतो ८४.६. जपानचे सेइची नाकाजिमा यांनी टीपीएमच्या पुस्तकांतून हे माप रुजवलं आणि ८५ टक्के म्हणजे जागतिक दर्जा, असं मग सगळीकडे भिंतींवर लागलं. फार चांगलं माप आहे. पण यात एक फट आहे. 'आज प्लॅनच नव्हता' म्हणून मशीन बंद असेल तर तो वेळ हिशोबात धरत नाहीत. मी आधी एका कंपनीत होते, तिथे कच्चा माल आला नाही म्हणून मशीन थांबली तरी सुपरवायझर 'नो प्लॅन' असं कारण टाकायचे. माल न येण्याचा दोष त्यांचा नव्हताच, मग त्यांनी आपला आकडा का खराब करून घ्यावा? त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण परिणाम असा, की मालाची टंचाई सगळ्यात जास्त होती त्या महिन्यात ओईई छान हिरवा होता आणि वरच्या मजल्यावर कोणाला टंचाई दिसतच नव्हती.

आता दादाची गोष्ट.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. भोसरी एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप आहे. सहा सीएनसी मशीन, तो धरून नऊ माणसं. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला तो बुश पुरवतो. (कंपनीचं नाव सांगणार नाही. मावशी, तूही कोणाला सांगू नकोस.) आठवड्यात दोन डिलिव्हऱ्या, बुधवार आणि शनिवार. मालाबद्दल तक्रार नाही, त्याच्यामुळे त्यांची लाइन कधी एकदाही थांबलेली नाही. आणि एक दिवस त्याला मेल आली, की तुमचं डिलिव्हरी रेटिंग ५८ टक्के आहे. ८० च्या खाली लाल. लाल सप्लायरला नवीन भागाची चौकशी पाठवायची नाही, असा त्यांचा नियम. नेमकं त्याच महिन्यात दादाने नवीन मशीनच्या कर्जाचे कागद बँकेत दिले होते, आणि ते मशीन नवीन भाग मिळणार या भरवशावर होतं.

मेलसोबत एक फॉर्म होता. उशीर का झाला याची पाच वेळा 'का?' विचारून कारणं लिहा. दादाने लिहिलं, चाकणचं ट्रॅफिक. मी म्हटलं, खरंच ट्रॅफिकमुळे उशीर झाला का? तर म्हणाला, "अगं, उशीर झालाच नाहीये. पण ट्रॅफिक लिहिलं की कोणी परत विचारत नाही." मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी असा ज्यांचा रोजचा प्रवास आहे त्यांना हे पटेल. तळेगाव चौकात अडकलेला माणूस खोटं बोलतोय असं म्हणायची या पट्ट्यात कोणाची हिंमत नाही.

मग तो म्हणाला, "तू हेच करतेस ना? बघ जरा." कंपनीच्या पोर्टलवरून उतरवलेली यादी त्याने मला पाठवली. एका तिमाहीच्या १३ आठवड्यांच्या २६ डिलिव्हऱ्या, त्यातल्या ११ उशिरा, प्रत्येक दोन दिवसांनी. मी फार काही केलं नाही. शेजारी एक रकाना वाढवला आणि तारखेवरून वार काढला. अकराच्या अकरा बुधवार.

पिंपरी-चिंचवडकरांच्या लक्षात आलंच असेल. बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी सांगते, आमच्याकडे बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. दादाचा टेम्पो बुधवारी दुपारी निघून चारच्या सुमारास चाकणच्या गेटवर पोचायचा. वॉचमन चलनावर शिक्का मारायचा, वेळ टाकायचा. माल उतरायचा. पण माल मिळाल्याची पक्की नोंद, जिला सगळे जीआरएन म्हणतात, ती स्टोअरमधला माणूस सिस्टीममध्ये करायचा. बुधवारी संध्याकाळी त्याच्यासमोर वीस गाड्यांची चलनं असायची आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. मग नोंद शुक्रवारी. रिपोर्ट बनवणाऱ्याने 'माल पोचल्याची तारीख' म्हणून जीआरएनची तारीख धरली होती. शनिवारचा टेम्पो सकाळी जायचा, त्यामुळे ती नोंद त्याच दिवशी व्हायची. शनिवारचा दादा वक्तशीर आणि बुधवारचा दादा आळशी!

दादाने ११ चलनांच्या गेटचा शिक्का असलेल्या प्रती काढल्या आणि खरेदी विभागातल्या मुलाला भेटला. मुलगा भला होता. त्याने सगळं पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे साहेब तुमचं. पण हा रिपोर्ट आम्ही नाही बनवत, हेड ऑफिसमधून येतो. सगळ्या प्लांटना एकच फॉर्म्युला आहे."

मला हे वाक्य फार लागलं. कारण तो फॉर्म्युला लिहिणारी मीच असू शकले असते, फक्त दुसऱ्या कंपनीत. तिथे बसलेल्या माणसाला टेबलमध्ये दोन तारखा दिसल्या असणार. गेटची तारीख बऱ्याचदा रिकामी असते, कारण वॉचमनचं रजिस्टर कागदाचं. जीआरएनची तारीख नेहमी भरलेली. त्याने भरलेली घेतली. त्यात दुष्टपणा काहीच नाही. पण ती तारीख घ्यायची असं ठरलं तेव्हा त्या खोलीत दादा नव्हता, स्टोअरवाला नव्हता, आणि गुरुवारी सुट्टी असते हे माहीत असलेलं बहुधा कोणीच नव्हतं. सध्या अशी साधनं आली आहेत की साध्या भाषेत प्रश्न टाकला की आकडा हजर. त्यांना विचारलं असतं, की या सप्लायरचं रेटिंग काय, तर त्यांनीही क्षणात ५८ सांगितलं असतं. आणि फॉर्म्युल्याप्रमाणे ते बरोबर असतं.

मी आमच्या ऑफिसात हा प्रश्न काढला, की आपल्याकडे 'वेळेवर' म्हणजे कोणत्या तारखेला? उत्तर ठरायला तीन आठवडे लागले. खरेदीवाले म्हणाले, गेटवर आला म्हणजे आला. स्टोअरवाले म्हणाले, मोजून घेतल्याशिवाय आमच्या साठ्यात तो नाहीच, उद्या कमी निघाला तर जबाबदार कोण? क्वालिटीवाले म्हणाले, तपासणीत पास झाल्याशिवाय आलेला माल म्हणजे नुसतं लोखंड. तिघांचंही खरं. शेवटी दोन्ही तारखा ठेवायचं ठरलं. सप्लायरचं मोजमाप गेटच्या तारखेवर, आणि गेट ते जीआरएन हा वेळ वेगळा मोजायचा. हा दुसरा आकडा निघाल्यावर स्टोअरचे साहेब माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग त्यांनी तोच आकडा दाखवून बुधवारी संध्याकाळसाठी एक माणूस वाढवून मागितला आणि तो त्यांना मिळाला. तेव्हापासून कँटीनमध्ये तेच मला हाक मारून बोलावतात.

काका, तुम्ही विचारलं होतंत ना, माझं काम काय? माझं काम बहुतेक वेळा हे असतं. रंगीत गोल शेवटच्या अर्ध्या तासात होतात. त्याआधीचे आठवडे एकाच शब्दाचे तीन अर्थ लावणाऱ्या तीन खात्यांना एका टेबलाशी बसवण्यात जातात. आणि जो त्या टेबलाशी बसूच शकत नाही, म्हणजे टेम्पोवाला, ऑपरेटर, भोसरीतला नऊ माणसांचा कारखानदार, त्याच्या वतीने कोणी काही विचारलं तर विचारलं. नाहीतर नाही.

दादाचं पुढे काय झालं? त्या मुलाने खटपट करून त्या तिमाहीपुरती दादाला सूट मिळवून दिली, नवीन भागाची चौकशीही आली. फॉर्म्युला मात्र तसाच राहिला. मग दादाने बुधवारची डिलिव्हरी मंगळवारवर आणली. त्यासाठी त्याला सोमवारी रात्री दोन मशीन जास्त चालवाव्या लागतात, म्हणजे दोन माणसांचा ओव्हरटाइम, दर आठवड्याला. तो खर्च कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. पुढच्या तिमाहीत २६ पैकी २५ वेळेवर. ९६ टक्के, गडद हिरवा. त्यांच्या सप्लायर मीटिंगमध्ये 'सुधारणा झालेले सप्लायर' अशा स्लाइडवर त्याचं नाव होतं आणि त्याला एक घड्याळ मिळालं. भिंतीवरचं.

घड्याळ त्याने वर्कशॉपमध्ये लावलंय. त्याच्याखाली टेबलावर एक लांब वही असते, ती तो स्वतः लिहितो, कॉम्प्युटरवर घेऊ देत नाही. चलन नंबर, गेटवरची वेळ, जीआरएनची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात वार.